अंदमानात कुठं, कधी आणि काय जेवायचं : सांगलीहून निघणाऱ्यांसाठी

पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला आम्ही खोलीतून खाली उतरलो आणि बाहेर काळोख पडलेला. डिसेंबरचा महिना होता. त्या वेळी सांगलीत आमराईत लोक अजून फिरत असतात. आमच्याबरोबर शेजारचे काका-काकू होते. दोघं जैन, दिवस मावळल्यावर तोंडात काही घालत नाहीत. सकाळपासून विमानतळांवर चहा-बिस्किटांवर काढलेलं. सहाच्या आत त्यांना जेवायला घालू, असा सांगलीच्या सवयीनं मी हिशेब धरला होता. सूर्य पाचलाच बुडाला होता. दोघं काही न बोलता तशीच झोपली. मला रात्रभर झोप लागली नाही.

म्हणून हा लेख हॉटेलांच्या नावांपासून सुरू करत नाही, घड्याळापासून करते.

आधी घड्याळ बदला

सांगली साधारण साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर, पोर्ट ब्लेअर पावणेत्र्याण्णव रेखांशावर. अठरा अंशांचा फरक. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि साधारण तितकाच आधी मावळतो. घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त, साडेपाचला अंधार.

याचा जेवणावर थेट परिणाम होतो. बेटावरची माणसं सूर्याबरोबर चालतात. सकाळी सहाला टपरीवर पुरी-भाजी तयार असते, दुपारचं जेवण साडेअकरापासून सुरू होतं, आणि दोननंतर छोट्या भाताच्या हॉटेलात गेलात तर मासा संपलेला असतो. रात्री आपल्याकडं नऊला पानं घेतात, पण हॅवलॉक बेटावर तोवर बरीच स्वयंपाकघरं आवरायला लागलेली असतात. आम्ही दुसऱ्या दिवसापासून नाश्ता साडेसहाला, जेवण बाराच्या आत, चारला पोटभर काहीतरी आणि रात्रीचं सातला असं बांधून घेतलं. काका-काकूंचं दुसरं जेवण चारलाच व्हायचं. त्यासाठी सकाळी निघतानाच हॉटेलात सांगून ठेवायचं, कारण तीन ते पाच या वेळात पुष्कळ ठिकाणी चूल बंद असते. ही एक गोष्ट आधी माहीत असती तर पहिला दिवस वाया गेला नसता.

संकष्टी येत असेल तर तेही बघा. कॅलेंडरमागची चंद्रोदयाची वेळ महाराष्ट्रातल्या गावांची असते. सांगलीत नऊला चंद्र उगवणार असेल तर पोर्ट ब्लेअरला पावणेआठच्या आसपास दिसेल. गणपतीच्या गावातली माणसं आपण, उपास सोडायच्या वेळी स्वयंपाकी घरी गेलेला नको.

नावं दोन-दोन आहेत

२०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. बोटीच्या तिकिटावर एक नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं असं होतं. मी इथं लोकांच्या तोंडात असलेली जुनी नावं वापरते. फोनच्या नकाशावर हॉटेल शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.

पिशवीत काय घ्यायचं

सांगलीहून पुणे, कोल्हापूर किंवा बेळगाव गाठायचं आणि पुढं चेन्नई, बंगळूर किंवा हैदराबाद अशा एखाद्या शहरात विमान बदलायचं. म्हणजे घरातून निघाल्यापासून पहिलं धड जेवण मिळेपर्यंत पंधरा-वीस तास सहज जातात. पहिल्या दिवसाचा डबा घरचा असू द्या. दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कडक भाकरी. भडंग तर असणारच. बोटीत मळमळायला लागलं की मूठभर कोरडी भडंग आणि आल्याची वडी पोटाला बरी वाटते, हे मी तिन्ही बोटींवर पाहिलं.

दोन सूचना. लोणचं किंवा तेलातला ठेचा हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत काढून घेतात. तो मोठ्या बॅगेत नीट बांधून टाका. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या अजिबात नेऊ नका. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या सामानात ते धोक्याच्या मालात धरतात. नारळांच्या बेटावर खोबरं न्यायची गरजही नाही.

उपासवाल्यांनी राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट घरून घ्यावं. साबुदाण्याची खिचडी तिथं मागून मिळेल अशी आशा धरू नये. केळी आणि शहाळं सगळीकडं आहे.

पण आठ दिवसांचा शिधा मात्र बांधू नका. मराठी स्वयंपाकी बरोबर घेऊन फिरणाऱ्या सहली असतात. वयस्कर माणसांना त्याचा आधार वाटतो, हे मी समजू शकते. तरी हजाराहून जास्त किलोमीटर समुद्र ओलांडून जायचं आणि रोज पिठलं-भातच खायचा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथं जे शिजतं ते फार चांगलं असतं, आणि आपल्या जिभेपासून वाटतं तितकं लांब नाही.

बेटावर कोण राहतं, त्यावर ताट ठरतं

हॅवलॉकच्या गावांची नावं ऐका : गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, कृष्णनगर. नीलवर सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडलेल्या कुटुंबांना सरकारनं इथं जमिनी देऊन वसवलं. त्यामुळं या दोन्ही बेटांवरचं घरचं जेवण बंगाली आहे. पोर्ट ब्लेअरमध्ये बंगाल्यांबरोबर तमिळ, तेलुगू, मल्याळी आणि राँचीकडचे लोक आहेत, म्हणून तिथं इडली-डोसा आणि केळीच्या पानावरचा भात सहज मिळतो. सगळ्यांची समाईक बोली हिंदी. भाषेची अडचण कुठंच येत नाही.

यातून माझा साधा नियम झाला. पोर्ट ब्लेअरमध्ये दक्षिणी खा, हॅवलॉक आणि नीलवर बंगाली भात खा, आणि पंजाबी पनीर सांगलीत आल्यावर खा. भाजी, पनीर, दूध यातलं पुष्कळसं मुख्य भूमीवरून येतं. चेन्नईहून जहाजाला तीनएक दिवस लागतात. महाग पडतं आणि ताजंही नसतं. मासा, भात, नारळ, केळी, भोपळा, हिरव्या भाज्या तिथल्याच.

बंगाली ताट आपल्याला परकं वाटायचं मुख्य कारण मोहरीचं तेल. शेंगदाणा तेलावर वाढलेल्या जिभेला पहिला घास नाकात चढतो. नको असेल तर ‘शादा तेल’ मागा, म्हणजे पांढरं, रिफाइंड तेल. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वांग्याचा मोहरीच्या तेलात तळलेला काप, बेगुन भाजा, नक्की खाऊन बघा. डाळ बहुतेक मसुराची असते, आणि मसुरावर प्रेम करायला सांगलीकराला शिकवावं लागत नाही. आपल्या अख्ख्या मसुरासारखी ती झणझणीत नसते, पातळ आणि पाचफोडणीची असते. आलू पोस्तो म्हणजे वाटलेल्या खसखशीतला बटाटा. तो लहान मुलांना फार आवडतो. शेवटी येणारी टोमॅटोची चटणी गोड असते, ती जेवणाच्या मध्ये तोंडी लावायची नाही, सगळ्यात शेवटी खायची.

तिखट हवं असेल तर ‘कांचा लंका’ मागा, हिरवी मिरची ताटात येते. आमच्या मिस्टरांनी ती मिठाबरोबर दगडावर रगडून खर्डा केला तेव्हा हॉटेलच्या दीदी स्वतः चव घ्यायला आल्या. कमी तिखट हवं असेल तर ‘झाल कम’ म्हणायचं.

शाकाहारी आणि जैन मंडळींसाठी

‘व्हेज’ हा शब्द अंदमानात पुरेसा नाही. बंगाली स्वयंपाकात ‘निरामिष’ असा नेमका शब्द आहे. जुन्या रीतीनं त्यात मांस-मासा तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. हॅवलॉकच्या बाजारातल्या एका छोट्या हॉटेलात मी ‘निरामिष’ म्हटलं आणि चुलीपाशी बसलेल्या आजींनी मान डोलावून वेगळी कढई काढली. मी ‘जैन फूड’ म्हणून चार ठिकाणी समजावून दमले होते, ते काम या एका शब्दानं झालं.

फक्त निरामिषात बटाटा चालतो. जैनांसाठी ‘जमीन के नीचे का कुछ नहीं’ हे वेगळं सांगावं लागतं : आलू नाही, गाजर नाही, मुळा नाही, आलं नाही. मग ताटात भोपळा, दुधी, कच्ची केळी, पपई, पालेभाजी, डाळ-भात येतो. पुरेसं असतं. हे सांगायला गर्दीची वेळ टाळा. सकाळी दहाला जाऊन, समोर उभं राहून, प्रेमानं सांगा आणि परत किती वाजता येणार तेही सांगा. तळणीची कढई माशाला आणि पापडाला एकच असू शकते. त्यामुळं कडक पाळणाऱ्यांनी बाहेर तळलेलं काही घेऊच नये.

पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारात ‘अन्नपूर्णा’ हे जुनं शाकाहारी हॉटेल आहे. डोसा, इडली, जेवण सगळं मिळतं, आणि मराठी सहलींतले चेहरेही भेटतात. नीलवर शाकाहाऱ्यांची खरी चैन आहे, कारण ते बेट अंदमानचं भाजीचं शिवार आहे. आपल्याकडं मिरज-तासगाव रस्त्याला मळे दिसतात तसे तिथं रस्त्याच्या कडेला भाजीचे वाफे दिसतात. सकाळी तोडलेली भाजी दुपारी ताटात.

पोर्ट ब्लेअर : सेल्युलर जेलच्या दिवशी

मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी या तुरुंगाचं दर्शन घ्यायला. १८९६ ते १९०६ या काळात तो बांधला गेला, आणि सावरकरांना १९११ मध्ये तिथं आणलं. कोलू, म्हणजे तेलाचा घाणा बघून, त्याला जुंपलेल्या माणसांची हकिकत ऐकून बाहेर आल्यावर लगेच जेवायची इच्छा होत नाही. आम्हाला तरी झाली नाही. म्हणून असं करा : तुरुंग दुपारी बघणार असाल तर बाराला जेवून जा, आणि संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाआधी चार-साडेचारला अबर्डीन बाजारात काही खाऊन घ्या. बाजार तुरुंगापासून जवळ आहे, उतारानं चालत जाता येतं. कार्यक्रमानंतर गर्दी एकदम बाजारात उतरते आणि जागा मिळत नाही.

मासे बघायचे असतील तर सकाळी लवकर जंगलीघाटाला जा. तिथं बोटी लागतात. काय आलंय ते डोळ्यांनी बघितलं की दुपारी हॉटेलात काय मागायचं ते कळतं.

मासा कसा मागायचा

सांगलीला कृष्णेचा मासा, नाहीतर घाट चढून बर्फात आलेला रत्नागिरीचा. समुद्रातून निघाल्यावर चार तासांत ताटात आलेला मासा आपण फारसा खाल्लेला नसतो, म्हणून इथं जरा सविस्तर सांगते.

हॅवलॉकला संध्याकाळी हॉटेलच्या दारात बर्फावर मासे मांडतात. सुरमई, तांबोशी (पाटीवर रेड स्नॅपर लिहिलेलं असतं), कुपा म्हणजे ट्यूना, बॅराकुडा, माकुल (स्क्विड), कोळंबी, चिंबोरी आणि शेवंड (लॉबस्टर). डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ला उघडून लाल हवा, बोटानं दाबलं की मांस परत वर यायला हवं. वास समुद्राचा असावा, नवसागरासारखा नाकात घुसणारा नको. बघू द्या म्हटलं तर चांगला हॉटेलवाला आनंदानं कल्ला उघडून दाखवतो. दाखवायला काचकूच करत असेल तर त्या दिवशी डाळ-भात घ्या.

मग भाव. इथं आमची चूक झाली. एका ठिकाणी शेवंडीपुढं आकडा लिहिला होता, आम्हाला वाटलं अख्ख्या नगाचा. तो शंभर ग्रॅमचा होता. बिल आल्यावर मुलांची तोंडं उतरली. त्यामुळं वजनकाट्यावर ठेवायच्या आधी चार प्रश्न विचारा. भाव किलोचा, शंभर ग्रॅमचा की नगाचा? वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं? शिजवायचे पैसे त्यात आहेत का? कर वेगळा का? उत्तरं कागदावर लिहून घेतली तरी कुणी रागवत नाही. शेवंडीच्या पोटाखाली अंडी दिसली तर ती घेऊ नका, आणि हॉटेलवाल्याला कारणही सांगा.

सहा जणांच्या कुटुंबाला एक मोठा मासा तंदूर किंवा केळीच्या पानात भाजून आणि बाकी भात, डाळ आणि झोल म्हणजे पातळ रस्सा, हे पोटाला आणि खिशाला दोन्ही पुरतं. मोठा मासा भाजायला पाऊण तास लागतो. पाचला जाऊन निवडा, सांगून ठेवा, किनाऱ्यावर फिरून सातला परत या.

तब्येतीच्या दोन गोष्टी. कुपा पकडल्यापासून थंड राहिला नाही तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठतं. कुपा तोंडाला मिऱ्यासारखा चुरचुरला तर तिथंच थांबा. दुसरं, उष्ण समुद्रांतल्या प्रवाळ खडकांवरच्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेरा नावाचं विष कधीकधी साठतं. तेही शिजवून जात नाही. म्हणून फार मोठा बॅराकुडा किंवा भला थोरला गोबरा मी घेत नाही, मध्यम आकाराचा घेते. ज्यांनी आयुष्यात चिंबोरी-कोळंबी खाल्लेली नाही त्यांनी पहिल्यांदा चाखून बघायची तर पोर्ट ब्लेअरमध्ये, दवाखाना जवळ असताना.

हॅवलॉक

धक्का एक नंबरला, मुख्य बाजार तीन नंबरला, राधानगरचा किनारा सात नंबरला. तिथं गावं आणि किनारे असे आकड्यांनीच ओळखतात. राहायला पाच नंबरला असाल तरी दुपारचं जेवण तीन नंबरच्या बाजारात घ्या. रिक्षावाले आणि होडीवाले जिथं जेवतात तिथं भात गरम आणि मासा त्या दिवशीचा असतो. ताटाचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो, भात बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात.

किनाऱ्यावर बसून निवांत खायचं असेल तर गोविंदनगरच्या बाजूला अंजू कोको, फुल मून कॅफे, समथिंग डिफरंट अशी प्रवाशांच्या ओळखीची ठिकाणं आहेत. भाव बाजारापेक्षा जास्त, पण एक संध्याकाळ तिथं घालवावी. बेटावरची काही हॉटेलं पावसाळ्यात बंद राहतात, कधी जागा बदलतात. निघण्याआधी फोन करून उघडं आहे ना एवढं विचारा.

राधानगरला सूर्यास्त बघायला सगळेच जातात. किनाऱ्याच्या तोंडाशी टपऱ्या आहेत : शहाळं, मसाला लावलेली फळं, भजी, तळलेला मासा. साडेतीनला पोचून तिथं खाऊन घ्या. सूर्य बुडाला की परतीच्या रिक्षा भराभर निघून जातात आणि बाजार दहा-बारा किलोमीटर लांब. जाण्या-येण्याची रिक्षा ठरवूनच जा, म्हणजे रात्रीचं जेवण चुकत नाही.

पाण्याखाली जायचं ठरवलं असेल तर त्या सकाळी केळं आणि दोन इडल्या, एवढंच. भरल्या पोटानं तोंडात नळी धरून श्वास घेताना मळमळतं.

रोख पैसे जवळ ठेवा. पोर्ट ब्लेअरला फोनवरून पैसे देता येतात. हॅवलॉक-नीलवर नेटवर्क गेलं की जेवून झाल्यावर ताटकळावं लागतं.

बारातांगचा दिवस

बारातांग बेटावर चुनखडीच्या गुहा बघायला जायचा हा दिवस जेवणाच्या दृष्टीनं सगळ्यात अवघड. पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, कारण जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्यांचा पहिला ताफा सहाला सुटतो. नाक्यावर रांगेत थांबलेलं असताना टपऱ्यांवर चहा, पुरी-भाजी, वडे मिळतात. तिथंच खाऊन आणि प्रसाधनगृहाला जाऊन घ्या. पुढं जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून रस्ता जातो आणि मध्ये थांबायला मनाई आहे.

एक गोष्ट मी कळकळीनं सांगते. त्या रस्त्यावर जारवा माणसं, मुलं दिसू शकतात. खिडकीतून बिस्किट, केळं, काहीही द्यायचं नाही, फोटो काढायचा नाही. १९५६ च्या कायद्यानं त्यांना संरक्षण आहे आणि असं करणं गुन्हा आहे. आपल्या हातातलं अन्न त्यांच्या अंगाला सोसणारं नाही, आणि त्यांना गाड्यांमागं यायची सवय लागते. आमच्या पुढच्या गाडीतून एका बाईंनी मुलाकडं बघून पिशवी उघडली होती. चालकानं त्यांना थांबवलं. गाडीत बसतानाच घरच्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, हे समजावून सांगा. त्यांचा हात मायेनं पुढं जातो.

बारातांगला पोचल्यावर गुहेकडं जाणाऱ्या छोट्या बोटीत बसायच्या आधी धक्क्याजवळच्या हॉटेलात जेवण सांगून जा. अकरा-साडेअकराला परत याल तेव्हा भात-डाळ-मासा तयार असेल. परतीच्या ताफ्याची वेळ ठरलेली असते, आयत्या वेळी जेवण सांगून तो चुकवू नका.

परतीचा दिवस

बोटीच्या आणि विमानाच्या मध्ये एक पूर्ण रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. शेवटच्या सकाळी आम्ही अबर्डीन बाजारातून इडल्या आणि कोरडी चटणी बांधून घेतली. चेन्नईच्या विमानतळावर सगळ्यांनी जमिनीवर गोल बसून ती खाल्ली. काकूंनी त्यांचा वाटा आधीच संपवला होता. पोर्ट ब्लेअरहून विमान सुटायच्या आधी, खिडकीतून ऊन दिसत असताना.